वही कोणाची? : वित्तीय लेखांकनाच्या एका उत्तरपत्रिकेचे प्रकरण

बी.कॉम.चे पहिले वर्ष, विषय वित्तीय लेखांकन, पहिली चाचणी, वीसपैकी सहा गुण. उत्तरपत्रिकेवर लाल शाईत माझाच शेरा होता : ‘नियम पाठ नाहीत. जमा-नावे उलटे.’ यातले दुसरे वाक्य खरे होते : जमा म्हणजे क्रेडिट, नावे म्हणजे डेबिट, आणि त्यांची अदलाबदल झाली होती. पहिले साफ चुकीचे, आणि ते चुकीचे आहे हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मी अमळनेर परिसरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. कॉलेजचे नाव इथे देत नाही, मुलीचेही नाही. आमची कॉलेजे पूर्वी पुणे विद्यापीठाखाली होती. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा कारभार तिकडे गेला. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. अभ्यासक्रम बदलत राहतो, पण पहिल्या सत्राची सुरुवात कुठेही साधारण तशीच असते : लेखांकनाच्या संकल्पना, खात्यांचे प्रकार, काय नावे आणि काय जमा ते सांगणारे तीन सुवर्णनियम, रोजकीर्द (व्यवहारांच्या रोजच्या नोंदी), खतावणी (त्या नोंदी खात्यांवर नेणे), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लका दोन बाजूंना मांडून जुळवणे). सुवर्णनियम फळ्यावर लिहायचे, मुलांनी वहीत उतरवायचे, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे. मीही असाच शिकलो आणि बारा वर्षे असाच शिकवत आलो.

ही मुलगी बारावी सायन्सची. पुढे जमले नाही म्हणून कॉमर्सला आली. त्यामुळे अकरावी-बारावीचे पुस्तपालन तिने पाहिलेले नव्हते. वडील मात्र मार्केट यार्डात एका आडत दुकानावर तीस वर्षे मुनीम. स्टाफरूममध्ये हे कळल्यावर एक सहकारी हसून म्हणाले, “मुनीमाची पोर आणि जमा-नावे उलटे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.” मीही हसलो. ते हसणे आता आठवले की बरे वाटत नाही.

उत्तरपत्रिकेत काय होते

पेपर दोन प्रश्नांचा. पहिला, सहा व्यवहारांच्या रोजकीर्द नोंदी, बारा गुण. मालकाने २,००,००० रुपये रोख आणून व्यवसाय सुरू केला. बँकेत ५०,००० भरले. ३०,००० चा माल उधारीवर घेतला. रोख विक्री १८,५००. उधारीवर फर्निचर १२,०००. शेवटचा, उचल ४,०००.

दुसरा प्रश्न साध्या रोकड पुस्तकाचा, आठ गुण. आरंभीची शिल्लक १२,०००, विक्री १८,५००, ऋणकोकडून आले ५,०००. भाडे ३,०००, पगार ६,०००, बँकेत भरले १५,०००. शिल्लक ११,५०० यायला हवी.

तिची शिल्लक ११,५०० आली होती. प्रत्येक रक्कम योग्य बाजूला होती. फक्त डाव्या बाजूच्या डोक्यावर तिने ‘जमा’ लिहिले होते आणि उजव्या बाजूवर ‘नावे’. मी दोन्ही मथळ्यांवर काट मारली आणि शिल्लक बरोबर म्हणून दोन गुण दिले. रोजकीर्दीत दोन नोंदी बरोबर होत्या, त्यांचे चार.

आता ज्या गोष्टीकडे मी पाहायला हवे होते आणि पाहिले नाही ती सांगतो. बरोबर आलेल्या दोन नोंदी कोणत्या? उधार माल आणि उधार फर्निचर. चुकलेल्या चार कोणत्या? ज्यांत रोख आली किंवा गेली त्या चारही. पाठांतर कच्चे असलेल्या मुलाच्या चुका विखुरलेल्या असतात : एक बरोबर, दोन चूक, पुन्हा एक बरोबर. हिच्या चुका एका रांगेत उभ्या होत्या. रोख आली की तिने रोख खाते जमा केले होते, गेली की नावे, एकदाही न चुकता. इतक्या शिस्तीने चुकणारी मुलगी काहीतरी नियम पाळून चुकत असते. पण पासष्ट उत्तरपत्रिका रात्री संपवायच्या असल्या की उत्तर दिसते, चुकीचा आकार दिसत नाही.

शेवटच्या नोंदीखाली तिने कंसात स्पष्टीकरणही लिहिले होते : ‘गड्याला दिलेली आगाऊ रक्कम.’ ते तर मी वाचलेच नव्हते. त्यावर पुढे येतो.

गादीवर

तीन आठवड्यांनी घरासाठी उडीद-मूग घ्यायला यार्डात गेलो होतो. दुकानात कॉलेज सुटल्यावर वडिलांचा डबा घेऊन आलेली ती भेटली. मला पाहून उभी राहिली. वडील गादीवर बसलेले, समोर लाल कापडी बांधणीची लांब वही. “या सर, बसा,” म्हणाले. चहा सांगितला. मग मुलीकडे बघून, मला ऐकू जाईल अशा बेताने बोलले, “मेय ते जुयना, मंग मार्क कसाले काप्यात?”

मेळ तर जुळलाय, मग मार्क कशाला कापले. अहिराणीत विचारलेला प्रश्न माझ्यासाठीच होता.

मी समजावून सांगायला लागलो की दादा, रोख आली की रोख खाते नावे पडते, डावी बाजू नावेची. त्यांनी काही न बोलता समोरची वही माझ्याकडे फिरवली. छापील रकाने नाहीत. कागदाला उभ्या घड्या घालून पाडलेल्या सळा, तेच रकाने. डावीकडे वर ‘श्री शिल्लक’. खाली त्या दिवशी आलेल्या रकमा, आणि डाव्या अर्ध्या भागावर स्वच्छ मोडीवळणाच्या बाळबोधीत : जमा. उजव्या अर्ध्यावर : नावे. त्यांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोख हिशेबाच्या वहीत, तीस वर्षे डावी बाजू जमेची होती.

मी एम.कॉम. आहे, सेट आहे. देशी नामा, म्हणजे व्यापाऱ्यांची हिशेबाची ही जुनी पद्धत, मला माहीत होती, टीप लिहा या सदरातली. दोन गुणांची. तिच्यात डावीकडे जमा असते हे मी परीक्षेत लिहूनही आलो होतो. पण ती वही समोर कुणाच्या घरात रोज उघडते, आणि त्या घरातून माझ्या वर्गात कुणी येऊन बसते, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

गंमत अशी की वही आणि पुस्तक यांच्यात भांडण नाहीच. समजा, एका शेतकऱ्याने जुन्या बाकीपोटी ५,००० रुपये आणून दिले. मुनीम डावीकडे लिहितो : ‘५,००० जमा, अमुक पाटील.’ हे जमा कुणाचे? पाटलांचे. त्यांच्या खात्यावर पैसे जमा झाले. रोजमेळात रोख रकमेचे वेगळे खातेच नसते, कारण रोजमेळ म्हणजेच रोख. त्यामुळे मुनीम फक्त समोरच्या माणसाचे नाव लिहितो आणि बाजू त्या माणसाच्या हिशेबाने ठरते. आम्ही कॉलेजात जे रोकड पुस्तक शिकवतो, त्यात पान रोख खात्याचे असते. रोख आली, म्हणून रोख खाते नावे. तीच डावी बाजू, तेच ५,०००, तोच पाटील. एक जण पानावर पाटलाचे बोलतो, दुसरा रोकडीचे. पाटील जमा आणि रोख नावे, दोघांचेही म्हणणे एकच.

मुलीने मात्र डावी बाजू आणि जमा हा शब्द घरून उचलला होता आणि माझ्याकडून ‘रोख खाते’ हे नाव घेतले होते. दोन्ही जोडल्यावर ‘रोख खाते जमा’ झाले. म्हणून रोखीच्या चारही नोंदी उलट्या, आणि उधारीच्या दोन्ही सरळ, कारण उधारीचा व्यवहार रोजमेळात जातच नाही. तिथे तिने माझाच नियम वापरला होता. म्हणजे नियम पाठ होते.

तिच्या वडिलांनी माझे बोलणे लक्ष देऊन ऐकले. मग रोजमेळावर बोट ठेवून तिला विचारले, “हाई वही कोनी शे?”

ती म्हणाली, “दुकाननी.”

एवढाच संवाद. पण मला पुढच्या महिनाभराच्या तासांचे डोके त्यात सापडले.

मुनीमाच्याच मुलीचा प्रश्न होता का?

आधी मला वाटले, हे अपवादाचे प्रकरण. रोजमेळ पाहिलेली मुले वर्गात किती असणार? त्यातही आडतीवर आता संगणक आला, बऱ्याच ठिकाणी वही फक्त दिवाळीच्या पाडव्याला पूजेपुरती उरली. म्हणून बाकीच्या उत्तरपत्रिका परत काढून फक्त दुसरी नोंद पाहिली : बँकेत ५०,००० भरले. बरोबर नोंद अशी : बँक खाते नावे ५०,०००, रोख खाते जमा ५०,०००. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती उलटी केली होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी जन्मात रोजमेळ पाहिलेला नसणार.

त्यांनी मोबाइल पाहिला होता. शिष्यवृत्ती आली की मेसेज येतो : खात्यात इतके क्रेडिट. वडिलांच्या खात्यावर पीकविमा आला की क्रेडिट. एटीएममधून काढले की डेबिट. अठरा वर्षांच्या मुलाने शंभर मेसेजमधून एक नियम शिकलेला असतो : क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले. मग मी फळ्यावर उभा राहून सांगतो की बँकेत पैसे गेले की बँक खाते डेबिट. त्याच्या मनात दोनच शक्यता उरतात : सर चूक किंवा बँक चूक. तो दोन्ही लिहून घेतो आणि परीक्षेत नशिबावर सोडतो.

मेसेज चूक नसतो. तो बँकेच्या वहीतून येतो. बँकेच्या दृष्टीने आपण तिचे धनको, ती आपले देणे लागते, म्हणून आपले खाते तिच्याकडे जमा. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या पानाची नक्कल. ते पान आपल्या खिशात असते म्हणून आपल्याला वाटते ही आपली वही. इतके साधे वाक्य मी बारा वर्षांत वर्गात बोललो नव्हतो. पुढे बँक जुळवणी पत्रक शिकवताना ‘पासबुकानुसार नावे शिल्लक म्हणजे अधिविकर्ष (ओव्हरड्राफ्ट)’ असे मात्र दरवर्षी पाठ करून घेत होतो.

टॅलीचा कोर्स करून आलेली मुले तेवढी सुटली होती. बँकेत रोख भरली की एफ-४ दाबायचे, कॉन्ट्रा व्हाउचर उघडते, दोन नावे निवडायची, झाले. नोंद बरोबर. का बरोबर, हे विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर चुकीची घेत नाही.” सॉफ्टवेअर चुकीची नोंद आनंदाने घेते, फक्त दोन्ही बाजू सारख्या हव्यात. हे त्याला पटायला पुढचा महिना गेला.

काय बदलले

सुवर्णनियम मी टाकून दिले नाहीत. ‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, येईल ते नावे, जाईल ते जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा’ ही ओळ परीक्षेच्या हॉलमध्ये उपयोगाची आहेच. फक्त ती तीन आठवडे पुढे ढकलली. त्याआधी प्रत्येक व्यवहारासाठी पहिले वाक्य लिहायची सक्ती केली : ‘ही नोंद अमुकच्या वहीतली आहे.’

आणि एकाच व्यवहाराची नोंद दोन-तीन वह्यांत करायला लावली. ५०,००० चा भरणा घ्या. दुकानाच्या वहीत बँक नावे, रोख जमा. बँकेच्या वहीत रोख नावे, दुकानाचे खाते जमा. दोन्ही शेजारी लिहिले की मेसेजचे कोडे आपोआप सुटते. शेतकऱ्याने माल आडतीवर टाकला, हिशेबपट्टी मिळाली, पैसे पुढच्या आठवड्यात. दुकानाच्या वहीत शेतकरी जमा, म्हणजे दुकानाचे देणे. शेतकऱ्याने वही ठेवली असती तर त्यात दुकान नावे, म्हणजे त्याचे येणे. एक मुलगा म्हणाला, “सर, आमचे आप्पा वही ठेवत नाहीत, पट्टी खिशात ठेवतात.” म्हटले, खिसा हीच त्यांची वही.

पुस्तकात ‘व्यवसायाचे स्वतंत्र अस्तित्व’ ही संकल्पना पहिल्याच प्रकरणात असते. मुले ती दोन ओळींत लिहितात : मालक वेगळा, व्यवसाय वेगळा. मग पुढच्या पानावर भांडवल देयतेत का येते असे विचारले की गप्प. मी पूर्वी मत्ता बरोबर देयता अधिक भांडवल हे समीकरण मांडून मोकळा व्हायचो. समीकरण सुटते, शंका सुटत नाही : मालकाचे स्वतःचे पैसे, ते देणे कसे?

अमळनेरात या शंकेला हाताशी उदाहरण आहे. १९४५ साली इथे वनस्पती तूप-तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी आज विप्रो नावाने जगभर सॉफ्टवेअर विकते, आणि गावातल्या कित्येक घरांत आजोबांनी घेतलेले तिचे शेअर अजून आहेत. वर्गात विचारले, घरी शेअर असतील तर ते काय? उत्तर एका सुरात : संपत्ती. कंपनीचा ताळेबंद दाखवला. भाग भांडवल कुठे आहे? इक्विटी आणि देयता या बाजूला, सगळ्यात वर. तोच शेअर घरच्या वहीत मत्ता आणि कंपनीच्या वहीत भागधारकांचा हक्क. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले, “मंजे वही कोणाची ते पाह्यचं.” त्या मुलीने नव्हे, भलत्याच मुलाने. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की गाडी रुळावर येते आहे.

उचल

आता तिच्या उत्तरपत्रिकेतल्या त्या कंसाकडे. ‘उचल ४,०००’ या व्यवहाराखाली ‘गड्याला दिलेली आगाऊ रक्कम’ असे तिने का लिहिले?

मराठी माध्यमाच्या पुस्तकात उचल म्हणजे मालकाने घरखर्चासाठी व्यवसायातून काढलेले पैसे किंवा माल. ती भांडवलातून वजा होते. खानदेशात, आणि उसाच्या पट्ट्यातही, हा शब्द कुणालाही विचारा. उचल म्हणजे मजुराने, सालदाराने (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने) कामाआधी मालकाकडून घेतलेली रक्कम. तिच्या मोठ्या बाबांकडे कोरडवाहू कापूस आणि एक विहीर, सालदार ठेवलेला. आमच्याकडे सालदाराचे वर्ष अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरते. त्या दिवशी बोली होते आणि उचल दिली जाते. घरात ऐकलेला शब्द तिने प्रश्नात वाचला आणि त्याच अर्थाने घेतला. एकाच शब्दाने मालकाचे घेणेही दाखवायचे आणि गड्याचे घेणेही, यात मुलीचा काय दोष? पण मी तिथे काट मारली होती.

मग त्या उचलीवरच एक पूर्ण तास घेतला, कारण उपार्जन संकल्पना (खर्च पैसे दिल्यावर नव्हे, काम झाल्यावर धरायचा) समजावायला यापेक्षा चांगला व्यवहार मला पुस्तकात सापडलेला नाही. अखजीची तारीख दरवर्षी हलते, म्हणून सोयीसाठी सालदाराचे वर्ष १ मे ते ३० एप्रिल धरले. वर्षाची बोली १,२०,०००. अखजीला उचल ४०,०००. त्या दिवशी मोठ्या बाबांच्या वहीत काय? सालदार नावे ४०,०००, रोख जमा ४०,०००. हा खर्च आहे का? वर्गातून हो आले. काम किती झाले? शून्य. मग खर्च कसला? ते येणे आहे, फक्त पैशात नव्हे, घामात.

महिना संपला की १०,००० चे काम झाले. मजुरी नावे, सालदार जमा. मधे त्याने पोळ्याला, दिवाळीला, मुलाच्या आजारपणात मिळून आणखी ६५,००० घेतले. ३१ मार्चला खाते काढा. घेतले एकूण १,०५,०००. काम अकरा महिन्यांचे, १,१०,०००. म्हणजे वर्षअखेरीस ५,००० देणे बाकी, अदत्त मजुरी. आणि नफा-तोटा पत्रकात मजुरी पडणार १,१०,०००. १,०५,००० नाही आणि १,२०,०००ही नाही. तिने हात वर केला : “सर, मे महिन्यातला सालदार तर देणेकरी होता. मार्चमध्ये तो घेणेकरी झाला?” झाला. त्याच पानावर, बाजू बदलून. अखजीचे वर्ष आणि ३१ मार्चचे वर्ष यांच्यातला तो एक महिना कुठेतरी दाखवावा लागतो, त्यालाच समायोजन म्हणतात. समायोजने पुस्तकात दुसऱ्या टप्प्यावर येतात. मी ती इथेच आणली, अभ्यासक्रमाचा क्रम मोडून. विभागप्रमुखांना ते आवडले नाही. त्यांचे म्हणणेही पूर्ण चूक नव्हते, पोर्शन मागे पडलाच.

तेरीज आणि नऊ

एक भ्रम मोडायचा राहिला होता, आणि तो वडिलांच्या वाक्यात होता : मेळ जुळला तर चूक कुठे?

तिला तिच्याच चुकीच्या नोंदींवरून खातेवही आणि तेरीज करायला लावली. तेरीज जुळली. उलट नोंद दोन्ही बाजूंना सारखीच उलटी असते, त्यामुळे जुळणारच. पण त्या ५०,००० च्या भरण्याचा परिणाम पाहा : बँक ५०,००० ने वाढायची ती ५०,००० ने घटली, म्हणजे खरी शिल्लक आणि तिची शिल्लक यांत फरक १,००,००० चा. रोखीतही तेवढाच, उलट्या दिशेने. तेरीज दोघांना शेजारी बसवून सगळे ठीक आहे म्हणते. ही गोष्ट १४९४ साली व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची रीत छापून काढणाऱ्या लुका पाचोलीच्या काळापासून तशीच आहे. तेरीज बेरजेची पहारेकरी आहे, अकलेची नाही.

रोजमेळ याबाबतीत जरा कडक, हे मान्य करायला हवे. संध्याकाळी गल्ल्यातली रोकड मोजून ती वहीतल्या शिल्लकेशी लावतात, त्यामुळे बाजू चुकली की त्याच दिवशी कळते. आमच्या चाचणीच्या रोकड पुस्तकासमोर गल्ला नसतो.

पुढच्या गृहपाठात तिची तेरीज २,७०० ने चुकली. मी विचारायच्या आत तिने कागद उलटवला आणि २,७०० ला ९ ने भागले. ३०० आले. मग ती अंक उलटे पडलेली रक्कम शोधायला लागली आणि दोन मिनिटांत सापडली, १,४०० च्या जागी खतावणीत ४,१०० गेले होते. वर्गात कुणालाही हे ठाऊक नव्हते. उलटलेल्या अंकांचा फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, ही मुनीमांची जुनी युक्ती. तिला ती सहावीपासून येत होती. तिचे घर अडचण होते तसेच आधारही होते, आणि मी पहिल्या चाचणीत फक्त अडचणीला गुण कापले होते.

पुढे

दुसऱ्या चाचणीत तिला वीसपैकी चौदा. सहा गेले त्यांतले चार घसाऱ्यात : ऱ्हासमान शिल्लक पद्धतीत टक्के दरवर्षी उरलेल्या किमतीवर काढायचे असतात, दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा मूळ किमतीवरच टक्के काढले. त्या चुकीमागे घरची काही गोष्ट नव्हती. तास बुडला होता, इतकेच. सगळ्या चुकांना कहाणी असते असे मानायला लागलो तर तपासणे अशक्य होईल. तेव्हा तिथे मी सरळ गुण कापले.

तिची पहिली उत्तरपत्रिका मात्र परत तपासली नाही. गुण नोंदवून गेले होते, आणि बदलायची हिंमतही केली नाही. शेरा तेवढा खोडून दिला.

दुसऱ्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत, जुनी फाइल उघडून घाईत बनवल्यामुळे, मी पुन्हा तेच वाक्य टाकले होते : ‘उचल ४,०००.’ कुणी घेतली, काही नाही. तिने दोन नोंदी केल्या होत्या. पहिली, उचल खाते नावे, रोख खाते जमा. दुसरी, सालदार खाते नावे, रोख खाते जमा. शेजारच्या समासात बारीक अक्षरात लिहिले होते : ‘सर, उचल कोणाची ते दिलेले नाही. दोन्ही धरून सोडवले आहे. मार्क एकाचेच द्यावे.’

त्या रात्री बाकीचा गठ्ठा पुन्हा सोडला. चौघांनी ती गड्याची उचल धरून सोडवली होती आणि चौघांच्याही नोंदींवर माझी काट होती.